नवऱ्याला पन्नाशीतच डिमेन्शिया झालाय, दिवसा त्यांना माणसांत कसं ठेवायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यांना ५३व्या वर्षी अल्झायमर निघाला, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. पुण्याजवळ भोसरीला एका कंपनीत टूलरूमचे सुपरवायझर होते. मी तेव्हाही नोकरी करत होते, आजही करते, घर त्यावरच चाललंय. आता चार वर्षं होत आली. ओळखीतून ओळखीतून बायका फोन करतात, कधी नवरे पण करतात, आणि गंमत म्हणजे औषधांबद्दल कोणी फारसं विचारत नाही, ते डॉक्टर सांगतातच, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की दिवसभर यांचं करायचं काय. मी डॉक्टर नाही. जे करून बघितलं, जे फसलं आणि जे जमलं ते सगळं इथे लिहितेय.

अर्ली ऑनसेट म्हणजे नक्की कितव्या वर्षी?

६५ च्या आत लक्षणं सुरू झाली तर अर्ली ऑनसेट किंवा यंग ऑनसेट म्हणतात. "एवढ्या लवकर कसं काय" असं सगळेच म्हणतात, मी पण म्हटलं होतं. पण अल्झायमर डॉक्टरांनी १९०१ मध्ये जर्मनीत जी पहिली पेशंट बघितली, जिच्यावरून या आजाराला नाव पडलं, ती बाई ५१ वर्षांची होती. म्हणजे हा आजार सापडला तोच मुळी पन्नाशीतल्या माणसात.

एक मात्र करा, निदान पक्कं झालं नसेल तर बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन आणि थायरॉईड तपासून झालंय ना हे डॉक्टरांना विचारा. नुसत्या शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह खूप खाली गेलेलं असतं आणि त्यानेही विसरायला होतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं. डिप्रेशनमुळे पण असं दिसू शकतं.

ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालू का?

बहुतेक संघांत साठीची अट असते. आमचे त्रेपन्नचे. एका ठिकाणी ओळखीने घेतलं, पण तिथे सगळे ७५-८० चे, पेन्शन, गुडघे आणि नातवंडं हेच विषय, आणि हे घरी आल्यावर मला म्हणाले, "मला म्हाताऱ्यांत कशाला बसवलंस?" त्यांचं बरोबरच होतं. हा माणूस अजून जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता.

या वयाच्या पेशंटचा खरा अडथळा हाच आहे. शरीर धडधाकट, केस काळे, आणि सगळ्या सोयी म्हाताऱ्यांसाठी. सरकारची एल्डर लाइन आहे १४५६७, ती पण साठीच्या पुढच्यांसाठी. आपल्या देशात डिमेन्शियाचे ८८ लाख लोक आहेत असा जो आकडा सांगतात तोसुद्धा ६० वर्षांवरच्यांचाच आहे, आपली माणसं त्या मोजणीतच नाहीत. साठीच्या आतल्यांसाठी, आणि तुमच्या स्वतःसाठीही, टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. डिमेन्शियावर काम करणारी जुनी संस्था म्हणजे एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया), १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, मुंबईसकट बऱ्याच शहरांत त्यांच्या शाखा आहेत, त्यांच्याशी एकदा जरूर बोला.

डे केअर सेंटर असतात का?

मुंबई-पुण्यात थोडी आहेत, छोट्या गावांत जवळपास नाहीतच. असेल तर फोनवर चौकशी करून सोडून देऊ नका, सकाळी अकराच्या सुमारास न सांगता जाऊन बघा. त्या वेळी सगळे एका रांगेत टीव्हीसमोर बसलेले असतील तर परत या. कोणी भाजी निवडतंय, कोणी गाणं म्हणतंय, कोणी नुसतं येरझाऱ्या घालतंय आणि त्याला कोणी खाली बसवत नाहीये, असं दिसलं तर पुढचं विचारा. साठीच्या आतलं कोणी येतं का, पुरुष किती आहेत, बाथरूमला कोण नेतं, पेशंट बाहेर निघाला तर दाराशी कोण असतं, आणि आठवडाभर ट्रायल घेता येईल का. ट्रायलला नाही म्हणणाऱ्या ठिकाणी मी पैसे भरले नाहीत.

"मला कुठे जायचं नाही" म्हणतात, सोफ्यावरून उठतच नाहीत.

हा आळस नाही. मेंदूतला जो भाग "चला, सुरुवात करूया" म्हणतो तोच आजारात मार खातो. मला हे कळायला सहा महिने लागले आणि तेवढे सहा महिने मी त्यांना टोचून बोलले, त्याचं अजून वाईट वाटतं.

"जायचं का?" असं विचारूच नका, उत्तर "नको" हेच येणार, कारण नको म्हणणं सोपं आहे. मी बूट काढून समोर ठेवते आणि म्हणते, "अहो चला, दहा वाजले." बूट दिसले की पाय आपोआप जातात. कुठे जायचंय हे आदल्या दिवशी सांगत नाही, रात्रभर तेच विचारत बसतात. आणि एखाद्या दिवशी खरंच नको असेल तर नको, उद्या बघू. जबरदस्ती केली की ती जागाच त्यांच्या मनातून उतरते, कशामुळे ते आठवत नाही पण तिथे वाईट वाटलं होतं एवढं राहतं.

मग नेमकं करायला काय द्यायचं? कोडी, सुडोकू, मेमरी गेम?

मी पण पहिल्यांदा हेच आणलं. लहान मुलांची चित्रं जोडायची कोडी, रंगवायची पुस्तकं. त्यांनी एकदा हात लावला आणि बाजूला सरकवलं, तोंडावर जे आलं ते बघून मी सगळं माळ्यावर टाकून दिलं. ज्या माणसाने तीस वर्षं शंभर मायक्रॉनची चूक पकडली त्याच्यासमोर आपण काय ठेवतोय याचा मी विचारच केला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेळ घालवायचं साधन शोधू नका, काम शोधा, आणि ते काम जिथे चार माणसं पण काम करतायत अशा जागी शोधा. त्यांना करमणूक कमी पडलेली नसते, "माझी गरज आहे" हे कमी पडलेलं असतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मालक मुलगा पूर्वी यांच्याच हाताखाली अप्रेंटिस होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की पगार नको, जबाबदारी नको, आठवड्यातून तीन दिवस दहा ते बारा त्यांना तिथे बसू दे, मशीनपासून लांब, आणि हाताला काहीतरी दे. त्याने चार डबे मांडले, प्रत्येक डब्यावर बाहेरून एक-एक बोल्ट वायरने बांधला, सहाचा, आठचा, दहाचा, बाराचा, म्हणजे वाचायची गरजच नाही, बघायचं आणि तसाच आत टाकायचा. मिक्स झालेल्या नट-बोल्टचं घमेलं समोर.

मी पहिल्या दिवशी रजा काढून बाहेर उभी होते. हे बसले, एक बोल्ट उचलला, अंगठ्याने आटे चाचपले, नट दोन आटे फिरवून चढवला, परत काढला, आणि मग डब्यात टाकला. प्रत्येक बोल्टला तेच. कोणी सांगितलेलं नव्हतं. नाव विसरले होते, तारीख विसरले होते, पण आटे खराब असलेला बोल्ट त्यांनी वेगळा जमिनीवर ठेवला. तो मुलगा ते बघून म्हणाला, "साहेब, हा स्क्रॅपला ना?" आणि हे म्हणाले, "मग काय लावतोस का?" त्या आवाजात मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

नंतर कळलं की आठचे आणि दहाचे बरेचदा मिक्स व्हायचे आणि हे घरी गेल्यावर पोरं परत निवडून ठेवायची, पण कोणी त्यांना बोललं नाही. ही माणसं मिळणं नशीब आहे मान्य, पण विचारल्याशिवाय मिळत नाहीत. मी तिसऱ्या ठिकाणी विचारलं तेव्हा हो आलं. आधीच्या दोघांनी "वैनी, काही झालं तर कोण बघणार" म्हटलं, त्यांचा राग नाही.

आमचे ऑफिसात होते, हाताचं काम नव्हतंच.

मग सवयी शोधा. बँकेतल्या एका गृहस्थांच्या बायकोने सोसायटीच्या ऑफिसात सांगून ठेवलं, ते रोज जुन्या पावत्यांवर शिक्का मारतात, शिक्का मारताना कागद सरळ करतात, फुंकर मारतात. एका शिक्षिकेला बालवाडीत नेऊन बसवतात, ती पोरांना "अ अननसाचा" म्हणायला लावते, पोरांना तिच्यात काही वेगळं वाटत नाही. देवळात फुलं निवडणं, वाचनालयात पेपर लावणं, गोशाळेत चारा टाकणं, नर्सरीत पिशव्यांत माती भरणं, गणपतीच्या आधी मंडळात पताका चिकटवणं, असं काहीही. तीन गोष्टी बघायच्या, सुरुवात-शेवट नसलेलं काम असावं म्हणजे अर्धवट राहिलं तरी चालतं, चुकलं तर कोणाचं नुकसान नसावं, आणि शेजारी माणूस असावा.

बायको आजारी असेल तर?

नवऱ्यांचे फोन येतात ते जास्त गोंधळलेले असतात. पहिली चूक म्हणजे स्वयंपाकघरातून तिला पूर्ण बाहेर काढणं. गॅस बंद ठेवा, सुरी काढून घ्या, पण शेंगा सोलणं, लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, वाती वळणं हे राहू द्या, आणि हे एकटीने नाही तर शेजारणींबरोबर. भिशी सोडू नका, तिचे पैसे तुम्ही भरा पण तिला तिथे बसू द्या. भजनी मंडळ असेल तर फारच उत्तम, शब्द गेले तरी चाल आणि टाळ बरेच दिवस राहतात, आणि बाजूची बाई टाळ वाजवतेय ते बघून हात चालतो. तिला तयार कसं करायचं हे मैत्रिणीला विचारा, साडीऐवजी ड्रेस, पुढून बटणं वगैरे. घरी नीट नसलेली बाई बाहेर जायला लाजते, हे नवऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

मित्र यायचे बंद झाले. काय करू?

त्यांना काय बोलायचं हे कळत नाही, म्हणून ते येत नाहीत. त्यांना बोलायला बोलवू नका, काहीतरी खेळायला बोलवा.

आमच्याकडे रविवारी कॅरम व्हायचा, जुने चार मित्र. निदान झाल्यावर हळूहळू थांबला. मी एकाला फोन करून सांगितलं की भावजी, त्यांचा नेम अजून आहे, फक्त कुठली सोंगटी कोणाची ते राहत नाही. पहिल्या रविवारी हे समोरच्याच्या काळ्या सोंगट्या घालत सुटले आणि एकजण सवयीने म्हणाला, "अरे ती तुझी नाही." झालं, हे गप्प, स्ट्रायकर खाली ठेवला. पुढच्या रविवारपासून त्यांनी नियमच बदलला, सगळ्या सोंगट्या सगळ्यांच्या, राणी ज्याला जमेल त्याची. पत्त्यांचं पण तसंच, रमी गेली, मेंढीकोट गेला, आता नुसते रंग लावतात.

मित्रांना मी तीनच गोष्टी सांगते. "ओळखलंस का मला?" विचारायचं नाही, आल्या आल्या स्वतःच नाव सांगायचं. "आठवतं का" ने प्रश्न सुरू करायचा नाही. आणि तेच तेच दहादा विचारलं तर दहादा सांगायचं, नाही जमलं तर चहा करायला आत यायचं.

लोकांना आजार सांगायचा का? मुलीच्या लग्नाचं बघतोय.

अवघड आहे, मी उपदेश करणार नाही. आमच्याकडे नातेवाइकांत "वेड लागलंय" पर्यंत बोलणं झालं. पण माझा अनुभव असा की जितक्यांना सांगितलं तितकी मदत आली. वॉचमन, किराणावाला, रिक्षा स्टँड, केस कापणारा, या चौघांना तर सांगाच. मी एका छोट्या कार्डावर लिहून घेतलंय, "माझ्या मिस्टरांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे, थोडा वेळ द्या, धन्यवाद." हॉटेलात, बँकेत, डॉक्टरकडे नुसतं पुढे करते, त्यांच्यासमोर बोलावं लागत नाही.

आजार आनुवंशिक आहे का हा प्रश्न यातच येतो. बऱ्याच जणांत तसा थेट वारसा नसतो, पण घरात आई-वडील, काका अशा बऱ्याच जणांना लहान वयात झालेला असेल तर न्यूरॉलॉजिस्टशी त्याबद्दल वेगळं बोला.

मी कामावर जाते, बाकीचा वेळ कोण बघणार?

आम्ही पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून माणूस ठेवला. ब्युरोवाले आधी पेशंटचं अंग पुसणारी मावशीच पाठवतात, कारण त्यांच्या डोक्यात पेशंट म्हणजे बेडवरचा. नीट सांगा की पेशंट चालता-फिरता आहे, सोबत हवी आहे, नर्सिंग नको. आम्ही ठेवलेला मुलगा पंचविशीचा आहे, साताऱ्याकडचा, क्रिकेट बघतो, यांना "काका" म्हणतो. यांना मी सांगितलंय की तो नोकरी शोधतोय, आपल्याकडे राहून जरा मदत करतो. "तुम्हाला सांभाळायला ठेवलाय" असं कधीच बोलले नाही. हे त्याला अजून लेथ कशी चालवायची ते समजावतात.

नवरा किंवा बायको सरकारी नोकरीत असेल तर घाईने राजीनामा देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. डिमेन्शियाचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, तपासणी सरकारी बोर्डाकडे होते, ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं तर सवलती लागू होतात. आम्ही खाजगीतले, आणि राजीनामा देऊन बसल्यावर मला बाकीची माहिती कळली.

किती वेळ आणि कधी?

सकाळी. आमच्याकडे दहा ते बारा सोनं आहे, चारनंतर काहीही ठरवत नाही. संध्याकाळ झाली की बेचैन होतात, "घरी जायचंय" सुरू होतं, घरात बसून. दोन तास पुरे, आणि एका दिवशी एकच गोष्ट. लग्न, मुंज, डीजेवाली मिरवणूक यांत पंधरा मिनिटं हजेरी लावून परत. आवाज आणि गर्दी दोन्ही एकत्र आलं की पुढचे दोन दिवस बिघडतात.

हास्य क्लबचा उपयोग होतो का?

आमच्याकडे झाला. १९९५ मध्ये मुंबईत लोखंडवालाच्या एका बागेत हे सुरू झालं आणि आता पुण्यात बऱ्याच बागांत सकाळी दिसतं. वय कोणी विचारत नाही, फी नाही किंवा नावापुरती, आणि काहीही लक्षात ठेवावं लागत नाही, समोरचा करतो तसं करायचं. नक्कल करणं बरेच दिवस जमतं. फक्त कडेला उभं करा, मधोमध नको.

आमच्या यांचं विसरणं नाही, वागणं बदललंय. लोकांत कसं न्यायचं?

हे डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (मेंदूचा पुढचा आणि कडेचा भाग बिघडतो तो) होतं आणि कमी वयाच्या पेशंटमध्ये हा प्रकार म्हाताऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. परक्याच्या ताटातली जिलबी उचलणं, बायकांच्या अगदी जवळ जाऊन उभं राहणं, मोठ्याने कोणाच्या जाडीवर बोलणं. अशांना बसून करायच्या गोष्टी जमत नाहीत, चालण्याचं काहीतरी द्या. रोज एकच रस्ता, एकच टपरी, एकच माणूस सोबत. टेकडीवर सकाळचा ग्रुप असतो तिथे सोबतीला एक माणूस ठरवून पाठवा. खाण्याच्या कार्यक्रमांना नेऊ नका.

आणि काहींचं बोलणंच आधी जातं, काहींचे डोळे ठीक पण मेंदूला दिसत नाही, पायरी कुठे संपते ते कळत नाही. त्यांना कॅरम, पत्ते देऊन उपयोग नाही, त्यांना ऐकायचं, हाताने चाचपायचं काम. प्रकार कुठला ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यावर सगळं ठरतं.

बाहेर पडून हरवले तर?

आमचे एकदा हरवले, पीएमपीच्या सिटी बसमध्ये बसून थेट भोसरीला, कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेला. म्हणून आधी विचार करा की जुना रस्ता कुठला. आता गळ्यात क्यूआर कोडचं लॉकेट आहे, पाकिटात फोन नंबर, आणि पँटच्या आतल्या बाजूला नंबर शिवून घेतलाय, कारण लॉकेट काढून ठेवतात. अलीकडचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा. हरवले तर तासभर स्वतः शोधत बसू नका, लगेच पोलिसात जा.

याने आजार बरा होतो का?

नाही. थांबत पण नाही. गटात बसून गप्पा, खेळ, गाणी अशी ठरवून घेतलेली थेरपी इंग्लंडमध्ये तयार झाली, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, एकूण १४ बैठका, आणि सौम्य ते मध्यम टप्प्यात तिचा विचारशक्तीला थोडा फायदा होतो असं तपासून दिसलंय. थोडाच. मी आमच्याकडचा फरक एवढाच सांगू शकते की बाहेर जाऊन आलेल्या दिवशी दुपारी जेवतात, झोपतात, आणि संध्याकाळी भांडण कमी होतं.

ते माणसांत असताना मी काय करू? मला अपराधी वाटतं.

झोपा. खरंच. मी पहिल्यांदा ते दोन तास भांडी घासण्यात घालवले. आता मी सुट्टीच्या दिवशी त्या वेळेत दार लावून झोपते किंवा बहिणीशी फोनवर बोलते आणि आजारावर एक शब्द बोलत नाही.

जे जमत होतं ते पण जमेनासं झालं तर?

होतं. या दिवाळीनंतर बोल्ट निवडणं थांबलं. हातात घेतात, बघतात, परत घमेल्यात टाकतात. मी त्या मुलाला म्हटलं, आता राहू दे, तुला उगाच त्रास. तो म्हणाला, "वैनी, साहेबांचं स्टूल कोणाला देणार मी?"

म्हणून अजून जातात, पण आता मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते बारा. त्याने एक जुना व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) दिलाय, तो उघडतात, मिटतात. अकराला पोरांचा चहा येतो तेव्हा यांचा ग्लास अर्धाच भरून देतात, हात हलतो म्हणून, आणि संपला की परत अर्धा. काल शुक्रवार होता. मी बूट काढून ठेवायच्या आधीच दाराशी येऊन उभे होते, चपला उलट्या घालून.